काउंटी जेल आतून कसं असतं, कोण चालवतं? (नवीन जेलसाठी मतदान आहे, माहिती हवीय)

मक्याचं_शेत
मंडळी, मी अमेरिकेत ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहतो. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर नवीन जेल बांधायला सेल्स टॅक्स वाढवायचा की नाही हा प्रश्न आलाय. सध्याचं जेल कोर्टाच्या मागेच आहे, जुनी विटांची इमारत, रोज ऑफिसला जाताना दिसते पण आत काय चालतं याचा काही पत्ता नव्हता. कमिशनर म्हणतात जागा पुरत नाही, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) म्हणतो माणसं पुरत नाहीत, विरोधातले म्हणतात तुम्ही बांधाल तेवढं भरेल. तिघांचंही खरं वाटतं आणि मत तर एकच द्यायचंय. इथे वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, मेडिकलवाले आहेत, तर जेल कसं आखतात, किती माणसं लागतात, रोजचा कारभार कसा असतो हे कुणी सविस्तर लिहाल का? बातम्यांमध्ये फक्त बांधकामाचा आकडा असतो, त्यावरून काही ठरवता येत नाहीये.

कोर्टकचेरी
चांगला धागा. न्यू जर्सीत वकिली करते त्यामुळे आधी पाया घालून देते.

काउंटी जेलमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. एक, अटक झाली पण खटला अजून उभा राहायचाय अशी, आणि दुसरी, छोट्या गुन्ह्यात साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेली. मोठी शिक्षा झाली की राज्याच्या तुरुंगात रवानगी. देशात अशी साधारण ३,१०० स्थानिक जेल्स आहेत, २०२३ च्या मध्याला त्यांत मिळून साधारण ६ लाख ६४ हजार माणसं होती आणि त्यातल्या दर दहांपैकी सातजणांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. आता दुसरा आकडा बघा, वर्षभरात जेलमध्ये आत घेतल्याच्या नोंदी ७० लाखांच्या वर जातात. म्हणजे लोक सतत येतात आणि जातात, बरेचसे एकदोन दिवसांत बाहेर पडतात, काही मात्र खटल्याची वाट बघत वर्षवर्ष बसतात. राज्याच्या तुरुंगात तुम्हाला माहीत असतं की हा माणूस पाच वर्षं इथे आहे. जेलमध्ये रात्री दोन वाजता दारातून कोण येईल, त्याने काय घेतलंय, त्याला काय आजार आहे, काहीच माहीत नसतं. बांधकाम, नोकरभरती, दवाखाना सगळं या एका गोष्टीवर बेतावं लागतं.

चालवतं कोण? बहुतेक ठिकाणी शेरीफ, आणि तो निवडून आलेला असतो, त्यामुळे त्याला वरचा कुणी साहेब नाही, मतदार हाच साहेब. पण पैसे मंजूर करणार काउंटी कमिशनर. तुमच्याकडे दोघांची दोन तोंडं दोन दिशांना दिसतायत ती त्यामुळेच. केंटकीत जेलर हे पदच वेगळं निवडून देतात. आमच्या न्यू जर्सीत बऱ्याच काउंट्यांत शेरीफकडे जेल नसतंच, काउंटीचं वेगळं करेक्शन्स खातं आणि त्यावर वॉर्डन असतो. कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई, अलास्का इथे तर जेल आणि तुरुंग दोन्ही राज्याच्याच हातात आहेत.

सदाशिवपेठेतून
वाचतोय. म्हणजे आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात त्यांच्यासाठीच मुख्यतः ही जागा. आपल्याकडे येरवडा काय किंवा ऑर्थर रोड काय, राज्याच्या कारागृह विभागाच्या हाताखाली, आणि प्रमाण म्हणाल तर २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातले ७५.८ टक्के बंदी खटला चालू असलेलेच होते. जागा स्थानिक असो नाहीतर राज्याची, आत बसलेला माणूस तोच दिसतोय. इमारतीबद्दल कुणी लिहा ना, सिनेमात दाखवतात तसं गज आणि लांब व्हरांडा असंच असतं का?

त्रिमिती
इमारतीबद्दल मी लिहितो. आर्किटेक्ट आहे, सरकारी इमारतींच्या कामात एका फर्ममध्ये होतो, त्यात डिटेन्शनची कामंही केली. विषय जवळचा आहे त्यामुळे लांब होईल, सांभाळून घ्या.

सिनेमातलं जेल ही पहिली पिढी. लांब व्हरांडा, एका किंवा दोन्ही बाजूंना कोठड्या, ऑफिसर चालत जातो आणि ज्या कोठडीसमोर उभा असेल तेवढीच त्याला दिसते. तो पुढे गेला की मागच्या कोठडीत जो दांडगा असेल त्याचं राज्य. दुसऱ्या पिढीत कोठड्या त्रिकोणात किंवा अर्धगोलात मांडल्या, मध्ये बसाउठायला मोकळी जागा तिला डे रूम म्हणतात, आणि ऑफिसर काचेच्या बूथमध्ये. त्याला सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही, बोलायचं तर स्पीकरवर. भांडण सुरू झालेलं दिसलं तरी त्याने बूथ सोडायचा नाही, बाहेरून कुमक येईपर्यंत बघत बसायचं.

तिसरी पिढी म्हणजे डायरेक्ट सुपरव्हिजन. फेडरल सरकारने १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, शिकागो आणि सॅन डिएगो इथे खटल्याआधीच्या लोकांसाठी तीन उंच इमारती बांधल्या त्यात हे सुरू झालं. शिकागोची तर भर डाउनटाउनमध्ये आहे, त्रिकोणी, हॅरी वीज या आर्किटेक्टची, खिडक्या पाचच इंच रुंद म्हणजे गज लावायची गरजच नाही. काउंटीच्या पातळीवर पहिलं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियातलं कॉन्ट्रा कॉस्टा काउंटीचं, मार्टिनेझ गावातलं, १९८१ मध्ये उघडलं. यात ऑफिसर बूथमध्ये नाही, ४८ ते ६४ माणसांच्या पॉडमध्ये (कोठड्या आणि त्यांची डे रूम मिळून एक विभाग) त्यांच्यातच उभा असतो, टेबल आहे पण मध्ये काच नाही, गज नाहीत. तेव्हाच्या शेरीफ लोकांना हे वेडेपणाचं वाटलं होतं. पण झालं उलटंच, मारामाऱ्या घटल्या, मोडतोड घटली, इतकी की काही ठिकाणी स्टीलऐवजी साधी चिनी मातीची भांडी आणि लाकडी फर्निचर चालून गेलं, जे कितीतरी स्वस्त पडतं.

असं का होतं तर तो ऑफिसर चेहऱ्याने माणसं ओळखायला लागतो. कोण दोन दिवस जेवला नाही, कुणाला कोर्टातून आल्यावर गप्प गप्प व्हायला झालंय, कोण कुणाचं सामान ढापतोय हे त्याला आधी कळतं. आणि पॉडमधल्या माणसाला टीव्ही, फोन, मोकळं फिरणं हे सगळं टिकवायचं असतं कारण दांडगाई केली की कडक युनिटमध्ये जावं लागतं.

बाकी बारीक गोष्टी. पोलिसांची गाडी थेट आत येते ती बंदिस्त जागा म्हणजे सॅलीपोर्ट, बाहेरचं शटर पूर्ण बंद झाल्याशिवाय आतला दरवाजा उघडतच नाही. आतल्या मोक्याच्या दारांनाही हेच, दोनातलं एक बंद असल्याशिवाय दुसरं उघडणार नाही, सगळं कंट्रोल रूममधून. संडास आणि वॉशबेसिन एकाच स्टीलच्या साच्यात, आणि त्याच्या भिंतीमागे प्लंबरला जाता येईल अशी अरुंद बोळ ठेवतात, म्हणजे तुंबलं तर कोठडीत न शिरता मागून दुरुस्ती होते. ही बोळ ज्या जुन्या जेलमध्ये नसते तिथे एक नळ गळला तरी दोघांना हलवावं लागतं आणि सोबत ऑफिसर उभा करावा लागतो. अमेरिकन करेक्शनल असोसिएशनच्या मानकांत पलंग-संडास वगळून माणशी ३५ चौरस फूट मोकळी जागा सांगितलीय, आणि दिवसाचे दहा तासांपेक्षा जास्त कोठडीत बंद ठेवणार असाल तर कोठडीच्या एकूण आकाराचीही किमान मर्यादा आहे. आवाज ही वेगळीच डोकेदुखी, काँक्रीट आणि स्टीलमध्ये ६० माणसं बोलायला लागली की ऑफिसरला हाक ऐकू येत नाही, आणि छताला आवाज शोषणारं काही लावायचं तर ते उचकटून त्यात काही लपवता येणार नाही असं लागतं. बजेट कापताना पहिली कुऱ्हाड नेमकी यावर पडते, हे बघून मला फार वाईट वाटायचं.

बेड किती हवेत याचं गणित पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रात्रपाळी
त्रिमिती यांनी फार नेमकं लिहिलंय. मी टेक्ससमध्ये एका काउंटी जेलमध्ये डिटेन्शन ऑफिसर आहे, काउंटीचं नाव लिहीत नाही. मराठी माणूस या नोकरीत क्वचितच असेल, घरच्यांना अजूनही कळत नाही मी नक्की काय करतो. माणसं किती लागतात ते मी सांगतो कारण तिथेच सगळं अडतं.

एक जागा म्हणजे एक पोस्ट, उदाहरणार्थ एका पॉडमधला एक ऑफिसर, ती २४ तास ३६५ दिवस भरलेली हवी. वर्षाचे झाले ८,७६० तास. एक माणूस आठवड्याला ४० प्रमाणे कागदावर २,०८० तास काम करतो. त्यातून रजा, आजारपण, ट्रेनिंग, बाळंतपण वजा करा, हातात १,७०० च्या आसपास उरतात. भागाकार करा, एका पोस्टला पाचाहून जास्त माणसं. लोकांना वाटतं चार पॉड म्हणजे शिफ्टला चार, तीन शिफ्टचे बारा, झालं. झालं नाही, वीसच्या वर लागतात, आणि यात अजून बुकिंग (आत घेतानाची नोंदणी), कंट्रोल रूम, कोर्टात नेणारे, हॉस्पिटलमध्ये पहाऱ्याला बसणारे, स्वयंपाकघर, सुपरवायझर कुणीच धरलेलं नाही. एक कैदी बाहेरच्या हॉस्पिटलात ॲडमिट झाला की त्याच्याबरोबर चोवीस तास माणूस गेला, कधी दोन. ते पॉडमधूनच उचलले जातात.

टेक्ससमध्ये जेल स्टँडर्ड्सचं राज्य कमिशन आहे १९७५ पासून. नियम असा की ४८ कैद्यांमागे एक ऑफिसर, आणि दर तासाला निदान एकदा प्रत्येकाला समोरासमोर बघायचं, ज्याच्याबद्दल आत्महत्येची किंवा मारामारीची शंका आहे किंवा जो मानसिक आजारी आहे त्याला दर ३० मिनिटांनी. समोरासमोर म्हणजे पांघरूण हलतंय का, छाती वरखाली होतेय का हे बघायचं, दारावरून नजर टाकून पुढे जायचं नाही.

२०१५ चं सँड्रा ब्लँडचं प्रकरण आठवत असेल. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून वॉलर काउंटीत गाडी थांबवली, त्यातून अटक, आणि तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृत सापडली. २८ वर्षांची होती. बाँड, म्हणजे जामिनाची रक्कम, ५,००० डॉलर, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे ५०० च्या आसपास भरले असते तर सुटली असती. आधी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं आत घेताना विचारलेल्या प्रश्नांत नोंदलेलं होतं, तरी तिला दर ३० मिनिटांनी बघायच्या यादीत घातलं नाही, आणि ठरलेल्या वेळी समोरासमोर बघणंही झालं नाही. त्यानंतर २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा आला, कोठड्यांपाशी राउंडची नोंद आपोआप करणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर, जेलमधल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या यंत्रणेकडून, फोनवर का होईना मानसोपचाराची सोय. मी नोकरीला लागलो तेव्हा ट्रेनिंगमध्ये हे प्रकरण शिकवलं, आणि राउंडची वेळ झाली की मी आजही हातातलं सगळं सोडून आधी उठतो.

आता माणसं कमी असली की काय होतं. बारा तासांची शिफ्ट, वर सक्तीचा ओव्हरटाइम, मग लोक आजारी पडतात किंवा सोडून जातात, मग उरलेल्यांना आणखी ओव्हरटाइम. एका पॉडऐवजी एक ऑफिसर दोन पॉड बघतो. मग सोपा उपाय म्हणून सगळ्यांना कोठडीत बंद ठेवायचं, जेवणही दाराच्या फटीतून द्यायचं. इमारत डायरेक्ट सुपरव्हिजनची बांधली असली तरी त्या दिवशी ती जुन्या व्हरांड्यासारखीच चालते. त्यामुळे तुमचा शेरीफ माणसं नाहीत म्हणतो तर त्याचं आधी ऐका.

सदाशिवपेठेतून
रात्रपाळी, हे इतकं आतून कुणी सांगत नाही, धन्यवाद. पण माणसं भरपूर असली की प्रश्न सुटतो का?

रात्रपाळी
नाही, तसंही नाहीये. न्यूयॉर्क शहराचं रायकर्स जेल बघा, तिथे २०२१ मध्ये कैद्यांपेक्षा ऑफिसर जास्त होते, कागदावर. पण रोज इतके जण कामावर येत नव्हते की हाउसिंग युनिट्स ऑफिसरशिवाय राहिली. पगारपत्रकावरचा आकडा आणि पॉडमध्ये प्रत्यक्ष उभा असलेला माणूस यातलं अंतर विचारायचं.

शिरीषफुल
मी नर्स आहे, एका जेलच्या इनटेकला, म्हणजे माणूस आत घेतात त्या विभागात, काम केलंय. कोर्टकचेरीताईंनी लिहिलंय ना की दारातून कोण येईल माहीत नसतं, तो सगळा भार इनटेकच्या नर्सवर असतो आणि त्याबद्दल लोकांना काहीच माहिती नसते म्हणून लिहितेय.

माणूस आला की झडती, सामानाची यादी, बोटांचे ठसे, फोटो, इतर कुठलं वॉरंट आहे का ते बघणं हे ऑफिसर करतात. मधल्या वेळात आम्ही विचारतो, काय औषधं घेता, इन्सुलिन आहे का, फिट येतात का, शेवटची दारू कधी प्यालात, रोज किती, काय टोचून घेता, गरोदर आहात का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का, पूर्वी कधी केलं होतं का. हे बाकीच्यांच्या समोर, गोंगाटात विचारलं तर कुणीही खरं सांगत नाही. त्यामुळे आर्किटेक्ट लोकांनी इनटेकला दार असलेली एक छोटी खोली दिली तर तेवढ्यानेही जीव वाचतात, हे मी मनापासून सांगतेय. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दोनतीन दिवसांत त्याला फिट येऊन जीव जाऊ शकतो. बाहेरून तो नुसता दारू उतरतेय, झोपलाय असा दिसतो. हेरॉइन-फेंटानिलवाल्यांना उलट्या-जुलाबाने पाणी कमी होऊन त्रास होतो, आणि त्यांना बाहेर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं चालू असतील तर ती आत चालू ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर सुटल्यावर जुनाच डोस घेतात आणि शरीराची सवय गेलेली असते.

२०१९ मध्ये देशभरातल्या स्थानिक जेल्समध्ये १,२०० मृत्यू झाले, त्यातल्या ३५५ आत्महत्या. म्हणून जेलमध्ये आत्महत्या-प्रतिबंधक कोठडी असते, कशालाही काही बांधता येणार नाही अशी, कपडे अडकवायचा हुक वजन आलं की खाली पडतो, जाड न फाटणारा झगा देतात. पण नुसत्या अशा कोठडीत एकट्याला टाकून ठेवलं तर त्याची मनःस्थिती आणखी बिघडते, कुणीतरी येऊन बोलायला हवं.

पैशाचं म्हणाल तर कैद्याला उपचार मिळणं हा घटनात्मक हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये सांगितलं, पण आत गेलं की मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सहसा पैसे देत नाही, अगदी गुन्हा सिद्ध नसला तरी. जवळजवळ सगळा खर्च काउंटीच्या डोक्यावर. म्हणून बऱ्याच काउंट्या खाजगी कंपनीला ठरावीक रकमेत कंत्राट देतात, आणि मग हॉस्पिटलला पाठवायचं की थांबायचं या निर्णयात पैसा शिरतो. कॅलिफोर्नियाला २०२३ मध्ये सुटकेआधीच्या ९० दिवसांसाठी मेडिकेड वापरायची परवानगी मिळाली, असं करणारं ते पहिलं राज्य. मक्याचं_शेत, तुमच्या काउंटीच्या सभेत विचारा की रात्री तीन वाजता नर्स असेल का. इमारतीचं चित्र कितीही सुंदर दाखवोत, हा प्रश्न नक्की विचारा.

सडेतोड
माझं मत वेगळं आहे. करदात्यांनी गुन्हेगारांसाठी एवढा खर्च का करायचा? जेल हे त्रासदायकच असायला हवं.

कोर्टकचेरी
सडेतोड, वर लिहिलंय तेच परत, दहातले सात अजून गुन्हेगार ठरलेले नाहीत, त्यांच्यावरचा आरोप कदाचित उद्या मागेही घेतला जाईल. शिक्षा न झालेल्या माणसाला शिक्षा म्हणून काही करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्येच स्पष्ट केलं. आणि निव्वळ पैशाचं बघायचं तर एका मृत्यूचा दावा काउंटीला फार महाग पडतो, ब्लँडच्या कुटुंबाला १९ लाख डॉलर द्यावे लागले. पण मला पैशाचा मुद्दा दुसऱ्या नंबरचा वाटतो.

अनामिक_एच१
थोडं वेगळं विचारतो, रागावू नका. आपल्यापैकी कुणावर हा प्रसंग आला तर? बऱ्याचदा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केस ऐकू येतात. आणि शाकाहारी जेवण मिळतं का?

कोर्टकचेरी
रागावण्यासारखं काही नाही, हे सगळ्यांना माहीत असायला हवं. वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर अटकेला पुरेसं कारण आहे का हे न्यायाधीशाने साधारण ४८ तासांत बघायला हवं, १९९१ चा रिव्हरसाइड काउंटीचा निकाल आहे. बुकिंग झालं म्हणजे आत ठेवलंच असं नाही. २०२३ मध्ये ट्रंप यांचा आरोपी म्हणून फोटो काढला ते अटलांटाचं फुल्टन काउंटी जेल, वीसेक मिनिटांत ते बाहेर पडले होते, कारण बाँड आधीच ठरलेला होता. ज्याच्याकडे वकील आणि पैसे नाहीत त्याला त्याच इमारतीत महिनोन्महिने बसावं लागतं.

जेलचे फोन रेकॉर्ड होतात, केसबद्दल एक शब्द बोलू नका, फक्त घरी कळवा आणि वकील मागा. परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे, व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम, तो मागून घ्या. दारूच्या केसमध्ये अटक झाल्यावर परराष्ट्र खात्याकडून व्हिसा रद्द केल्याची ईमेल येऊ शकते. त्याने इथलं राहणं लगेच बेकायदा होत नाही, पण देशाबाहेर गेलात तर नवा व्हिसा लागेल, म्हणून इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

कपडे उतरवून झडती होते का, तर हो, जनरल पॉप्युलेशनमध्ये, म्हणजे बाकीच्या कैद्यांत, ठेवणार असतील तर गुन्हा किती छोटा हे न बघता करता येते. २०१२ चा निकाल, पाच विरुद्ध चार, आणि तो आमच्याच न्यू जर्सीच्या बर्लिंग्टन आणि एसेक्स काउंटी जेलमधला. भरून टाकलेल्या दंडाचं वॉरंट सिस्टीममध्ये तसंच राहिलं म्हणून एका माणसाला पकडलं होतं आणि दोन्ही जेलमध्ये अशी झडती झाली. भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना २०१३ मध्ये अटक झाली तेव्हा आपल्याकडे जो संताप झाला तो याच प्रकारच्या झडतीवरून. पण ते काउंटी जेल नव्हतं, मॅनहटनच्या फेडरल कोर्टात मार्शल्स सर्व्हिसच्या (फेडरल कैदी सांभाळणारं खातं) ताब्यात असताना झालं.

रात्रपाळी
शाकाहाराचं मी सांगतो. धर्मामुळे हवं असेल तर लेखी अर्ज करायचा, चॅप्लिन (जेलचा धर्मगुरू) किंवा जो अधिकारी असेल तो मंजूर करतो, २००० सालचा फेडरल कायदा त्यासाठी आहे. पण मंजुरीला वेळ लागतो, पहिले काही दिवस बीन्स, ब्रेड, भाजी जे असेल ते. बाकी कमिसरी, म्हणजे आतलं दुकान, घरून खात्यात पैसे टाकले की नूडल्स, कॉफी, साबण. ज्याच्या खात्यात काहीच नाही त्याला टूथब्रश-साबणाचं छोटं पाकीट मिळतं.

मक्याचं_शेत
खूप माहिती मिळतेय. हे कमिसरी आणि फोनचे पैसे कुठे जातात?

कोर्टकचेरी
फोन कंपनी काउंटीला कमिशन द्यायची आणि तेवढा दर चढवायची, म्हणजे आतल्या माणसाची आई काउंटीचं उत्पन्न भरत होती. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये जेलचे फोन मोफत केले, सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये. २०२३ च्या सुरुवातीला फेडरल कायदा झाला की राज्याच्या हद्दीतल्या कॉल्सचे दरही फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने वाजवी ठेवावेत, त्यावर अजून ओढाताण चालू आहे.

जेवणाचं तर अलाबामाचं उदाहरण ऐका. तिथे जुन्या कायद्याप्रमाणे कैद्यांच्या जेवणाचे पैसे उरले तर ते शेरीफला स्वतःकडे ठेवता यायचे. २००९ मध्ये मॉर्गन काउंटीच्या शेरीफला फेडरल न्यायाधीशाने रात्रभर कोठडीत ठेवलं, कारण कैदी अर्धपोटी होते आणि पैसे त्याच्या खिशात. तरी पद्धत चालूच राहिली, पुढे एटोवा काउंटीच्या शेरीफने साडेसात लाख डॉलरच्या वर रक्कम घेतल्याचं आणि समुद्रकाठी घर घेतल्याचं २०१८ मध्ये छापून आलं. २०१९ मध्ये कायदा बदलला. निवडून आलेला माणूस आहे एवढ्यावर विसंबू नये, खर्चाचा हिशेब बाहेरच्या कुणीतरी बघायला हवा.

त्रिमिती
बेडचं गणित राहिलं होतं. समजा रोज १० माणसं आत येतात आणि सरासरी २० दिवस राहतात, तर कुठल्याही दिवशी आत २०० माणसं. आता गुन्हे तेवढेच, अटकाही तेवढ्याच, फक्त कोर्टाच्या तारखा लवकर लागल्या आणि सरासरी १५ दिवसांवर आली, तर १५०. एकही वीट न रचता ५० बेड वाचले. म्हणून सल्लागाराने वीस वर्षांचा अंदाज दिला असेल तर त्याने मुक्कामाचे दिवस काय धरले ते विचारा, नुसती लोकसंख्यावाढ धरून रेघ वर ओढलेली असते बऱ्याचदा.

दुसरं, २०० बेड म्हणजे २०० माणसं मावतील असं नाही. बायकांच्या पॉडमध्ये पुरुष ठेवता येत नाही, अल्पवयीन असतील तर ते मोठ्यांच्या नजरेला आणि कानालाही पडता कामा नयेत हा फेडरल नियम, एकाच केसमधले दोघं एकत्र नकोत, गँग वेगळ्या, आजारी वेगळे. याला क्लासिफिकेशन म्हणतात, आताचा आरोप, आधीचा हिंसाचार, पळून जायचा इतिहास असे प्रश्न क्रमाने विचारून ठरवतात. त्यामुळे ८५ टक्क्यांच्या आसपास भरलं की जेल भरलंच. छोट्या छोट्या आकाराचे पॉड थोडे जास्त केले तर ही अडचण कमी होते, पण मग पोस्ट वाढतात आणि रात्रपाळी यांनी सांगितलेला पाचाचा गुणाकार लागतो. मोठा पॉड माणसं वाचवतो, छोटा पॉड वर्गवारी सोपी करतो. आखणीतला खरा झगडा हाच. आणि इमारतीच्या आयुष्यभराचा खर्च काढला तर बांधकाम त्यात फार थोडं असतं, बहुतेक सगळा पगारच. मतपत्रिकेवर मात्र फक्त बांधकाम दिसतं.

मक्याचं_शेत
आणि "बांधाल तेवढं भरेल" हे खरं आहे का?

त्रिमिती
आपोआप भरत नाही. कोण आत ठेवायचा हे न्यायाधीश, सरकारी वकील आणि कायदा ठरवतो. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंद झाला, माणूस कोर्टात येईल का, पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज घेऊन सोडतात, आणि २०१५ अखेर ते २०१८ अखेर खटल्याआधीच्या कैद्यांची संख्या चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून तो पूर्णच बंद केला. उलट कॅलिफोर्नियात २०११ च्या ऑक्टोबरपासून कमी गंभीर गुन्ह्यांतले कैदी राज्याने काउंट्यांकडे सोपवले, मग जी जेल्स काही महिन्यांच्या मुक्कामासाठी आखली होती तिथे लोक काही वर्षांची शिक्षा काढायला लागले, ना पुरेसं मैदान ना शिकायची जागा. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, कायदा मध्येच बदलतो, म्हणून भिंती आणि दारं अशी ठेवावी लागतात की एक पॉड पुढे उपचारासाठी किंवा वर्गासाठी वापरता येईल.

शिरीषफुल
+१. आणि निम्मी गर्दी तर मानसिक आजार आणि व्यसनाची असते असं आम्हाला इनटेकला रोज वाटायचं. शिकागोच्या कुक काउंटी जेलचं प्रमुखपद २०१५ मध्ये एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दिलं होतं, त्यावरून काय ते समजा.

कोर्टकचेरी
एक शेवटची गोष्ट तपासा, ती जाहीर कागदांत असते पण कुणी बघत नाही. नव्या जेलच्या बेडपैकी किती तुमच्या काउंटीसाठी आणि किती भाड्याने द्यायला? मार्शल्स सर्व्हिस, इमिग्रेशन खातं, शेजारच्या काउंट्या, हे सगळे दर दिवसाच्या हिशेबाने बेड भाड्याने घेतात. लुइझियानात तर राज्याचे निम्म्याच्या आसपास कैदी पॅरिशच्या (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) जेलमध्ये असतात आणि शेरीफचं बजेट त्यावर चालतं. न्यू जर्सीच्या एसेक्स, हडसन, बर्गन या काउंट्यांना इमिग्रेशनच्या कैद्यांचे मोठे पैसे मिळायचे, विरोध वाढला, २०२१ मध्ये राज्याने नवे करार करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी ते कैदी तिथून गेले. ज्या काउंटीने कर्जाचे हप्ते अशा भाड्यावर बेतलेत तिला बेड रिकामा ठेवणं परवडत नाही, मग खटले लवकर संपवावेत असं कुणालाच वाटेनासं होतं. ओहायोत राज्याचं करेक्शन्स खातं काउंटी जेल्सची तपासणी करतं, तो अहवाल माहितीच्या अर्जाने मागता येतो. तो मागा, आणि सल्लागाराच्या अहवालातलं उत्पन्नाचं पान काढून बघा, भाड्याचे बेड तिथे लिहिलेले असतात.